बाबांनी बंद पाडलेला प्रोग्रॅम

लालबागच्या आमच्या खोलीत कॉम्प्युटर आला तेव्हा गिरण्यांचा संप मोडून सोळा-सतरा वर्षं झाली होती. बाबा वरळीला एका ऑफिसच्या इमारतीत वॉचमन होते. आई दुपारच्या जेवणाचे डबे करून देत असे. मी बी.ए. करून मराठी टायपिंगची कामं घरी आणायला लागले होते. लग्नपत्रिका, बारशाची निमंत्रणं, श्रद्धांजलीचे फलक, असलं काहीबाही. कॉम्प्युटर चिंचपोकळीच्या एका ओळखीच्या माणसाने दोन-तीन जुन्या मशीनचे भाग जुळवून बांधून दिला होता. त्याला आईने परकराच्या कापडाचं झाकण शिवलं होतं, त्याला खाली झालरसुद्धा होती. पाहुणे आले की ते आधी त्या झालरीकडे बघायचे, मग मशीनकडे.

त्या वर्षी आमच्या चाळीच्या वाचनालयाला पन्नास वर्षं होत होती. समितीने स्मरणिका काढायचं ठरवलं आणि टायपिंगपासून पानं लावण्यापर्यंत सगळं काम माझ्याकडे दिलं. माझं पहिलं मोठं काम. चाळीतल्या माणसांनी फुलस्केप कागदांवर लिहून दिलेल्या आठवणी होत्या, एकूण चाळीसेक लेख. मी मोठ्या उत्साहाने बसले, आणि तिसऱ्या दिवशी प्रोग्रॅम बंद पडला.

बंद पडला म्हणजे कॉम्प्युटर चालूच, पण पानं लावायचा तो प्रोग्रॅम डोळ्यांदेखत नाहीसा. मध्ये एक राखाडी चौकोन, त्यात इंग्रजीत दोन ओळी. खाली एकच बटण. ते दाबलं की संपलं. मागच्या तासाभरात केलेलं जे साठवलं नसेल ते गेलं.

मी पुन्हा सुरू केला, पुन्हा टाइप केलं. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. त्या दिवशी पाच वेळा झालं.

बाबा दुपारी दोनला सुटणारी पाळी संपवून घरी आले होते आणि बनियनवर खाटेवर बसून चहा पीत होते. माझा चेहरा बघून म्हणाले, "काय लिहिलंय त्यात?"

"प्रोग्रॅमने बेकायदेशीर काम केलंय, म्हणून तो बंद करण्यात येत आहे."

आई मोरीपाशी डबे घासत होती, ती हातातला डबा तसाच धरून उभी राहिली. "बेकायदेशीर? म्हणजे पोलीस येतले की काय गो?"

"अगं नाही, ते असंच लिहितात."

बाबा मात्र हसले. खरोखर मोठ्याने हसले. "संपालापण हेच म्हणाले होते," ते म्हणाले आणि उरलेला चहा संपवला.

बाबा गिरणीत साचेखात्यात फिटर होते. साचा म्हणजे माग, गिरणीत मागाला साचाच म्हणायचे. शंभर-सव्वाशे साचे एकाच वेळी खडखडत असताना कुठला साचा बिघडायच्या बेतात आहे ते त्यांना आवाजावरून कळायचं, असं त्यांच्याबरोबर काम केलेले लोक सांगायचे. ते स्वतः कधी सांगत नसत. संपानंतर त्यांनी हमाली केली, एका छापखान्यात कागद कापले, आणि शेवटी वॉचमनचा गणवेश घातला. कोणी विचारलं, काय करता, तर "वरळीला असतो" एवढंच म्हणायचे. कॉम्प्युटरला तर त्यांनी हात लावला नव्हता. "तुझं ते" म्हणायचे. "तुझं ते चालू आहे का? मग पंखा कमी कर, कागद उडतील." झालं, एवढाच संबंध.

मी चिंचपोकळीच्या त्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तिशीतला, घाईतला माणूस. त्याने व्हायरस म्हणून सांगितलं, सगळं पुसून नव्याने भरून दिलं. दोन दिवस नीट चाललं. तिसऱ्या दिवशी राखाडी चौकोन. तो पुन्हा आला, म्हणाला, व्होल्टेज. पुढच्या खेपेला म्हणाला, तुमच्या खोलीत गरम फार होतं, मशीन तापतं. प्रत्येक वेळी काहीतरी बदललं आणि प्रत्येक वेळी तो गेल्यावर प्रोग्रॅम बंद पडला. आईने एकदा मी नसताना मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. कोणाची तरी दिष्ट लागली, असं तिचं ठाम मत होतं, आणि कोणाची तेही तिला माहीत होतं.

गरम होतं हे मात्र बाबांनी मनावर घेतलं. एका दुपारी मी वाचनालयात मुद्रितं द्यायला गेले होते. परत येऊन बघते तर मशीनचं पत्र्याचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं, आणि बाबा रंगाच्या कोरड्या ब्रशने आतली धूळ झाडतायत. इतकं निगुतीने चाललं होतं की मी आधी नुसती बघत राहिले. त्यांनी सगळं पुसलं, झाकण लावलं, चारी स्क्रू आवळले आणि म्हणाले, "लाव आता."

मशीन सुरूच होईना. आतून नुसतं टूं टूं वाजत राहिलं.

चाळीस नाहीत तरी तीस लेख त्यात होते. मी जे बोलले ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला? ही काय तुमची गिरणी आहे, बाबा?"

बाबांनी ब्रश धुतला, खिडकीत वाळत ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. आई माझ्याकडे बघत होती. ती काही बोलली असती तर बरं वाटलं असतं. तिने डबे घासायला घेतले.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवाल्याने येऊन आतली एक पट्टी नुसती दाबून बसवली आणि मशीन सुरू झालं. जाताना म्हणाला, "कोणी साफ केलंय? एवढं स्वच्छ मशीन मी दुकानात पण बघितलं नाही." मी ते बाबांना संध्याकाळी सांगितलं. मला माफी मागायची होती, पण जमलं एवढंच. ते "हं" म्हणाले.

आणि तरीही प्रोग्रॅम बंद पडत राहिला.

दोन-तीन दिवसांनी बाबा कामावरून आले, पाय धुतले, आणि खाटेवर न बसता माझ्या शेजारी येऊन बसले. हातात एक वही. इमारतीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करायला देतात तसली, लांबट. तिची मागची पानं कोरी होती.

"परत कर," ते म्हणाले.

"काय परत करू?"

"तो बंद पाड."

"बाबा, बंद पडू नये म्हणून तर मी..."

"तू पडू नये म्हणून घाबरत घाबरत बसतेस. मग तो पडला की तू रडतेस. तेव्हा काय चाललं होतं ते तुला आठवत नाही. साचा बिघडला तर तो आपल्यासमोर बिघडायला पाहिजे. तेव्हाच कळतं. आधी साठवून ठेव काय ते, आणि मग पाड."

मी सगळं साठवलं आणि कामाला लागले. बाबा बघत होते. पाऊण तासाने राखाडी चौकोन आला. माझा हात सवयीने बटणाकडे गेला, तर ते म्हणाले, "थांब. हात लावू नको." त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश लिहिलं: किती वाजले, पंखा चालू की बंद, मी काय करत होते, आणि त्या वेळी पडद्यावर सगळ्यात शेवटी काय दिसत होतं. मागचं पान अजून चौकोनाच्या आजूबाजूला अर्धवट दिसत होतं, त्यावरून त्यांनी तो शेवटचा मथळाही लिहून घेतला. अक्षर बारीक, सरळ, एकही काट नाही.

पुढचे आठ-नऊ दिवस रोज दुपारी आमचं हेच चाललं. बाबांचा नियम एकच होता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एक दिवस पंखा मशीनच्या तोंडासमोर लावून ठेवला. बंद पडला. म्हणजे गरमी नाही. एकदा चाळीखालची पिठाची गिरणी बंद असते त्या दिवशी बसलो. बंद पडला. म्हणजे व्होल्टेज नाही. मला मध्येच वाटायचं की पंखाही लावू, कीबोर्डही बदलू, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. ते ऐकायचे नाहीत. "मग बरा झाला तरी कशाने झाला ते कसं कळणार?" मी चिडायचे, ते वहीत लिहायचे. आई चहा ठेवून जायची. खरं सांगायचं तर त्या दुपारी मला आवडायला लागल्या होत्या. मी लहान असताना बाबा पाळीवरून दमून यायचे, संपानंतर तर ते घरात असून नसल्यासारखे होते. माझ्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, ते इतका वेळ कधी बसले नव्हते. त्यांच्या अंगाला तंबाखू आणि इस्त्रीच्या खाकी कापडाचा वास यायचा.

एका दुपारी मी टाइप करत नव्हतेच. तयार झालेली पानं नुसती खाली सरकवत वाचत होते, आणि प्रोग्रॅम बंद पडला.

बाबांची पेन्सिल थांबली. "तू आता काय दाबलंस?"

"काहीच नाही. पान खाली सरकवलं."

"म्हणजे तू काही केल्यामुळे होत नाही," ते हळूहळू म्हणाले. "समोर काहीतरी आल्यामुळे होतंय."

पण काय समोर येतं ते दोघांनाही दिसेना. वहीत तेवीस नोंदी झाल्या होत्या. वेळा वेगळ्या, लेख वेगळे, लिहिणारे वेगळे. बाबांनी वही तीनदा वाचली आणि बाजूला ठेवली.

ती उचलली आईने. आईने नुकताच वाचनालयातला मोठ्या बायकांचा साक्षरतेचा वर्ग पुरा केला होता आणि हाताला लागेल ते ती वाचत सुटायची. डाळीच्या पुडीचा कागद, बसची पाटी, काहीही. डबे आवरून ती वही घेऊन भिंतीला टेकून बसली आणि बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागली. बाबांनी प्रत्येक नोंदीच्या शेवटी जो मथळा लिहिला होता, तेवढाच वाचत होती, कारण बाकीचं बारीक होतं.

"दुस... दुस... दुसऱ्या पाळीची माणसं." दम घेऊन पुढे. "कोप... कोपऱ्यावरचा नळ." मग, "पाय... पायऱ्यांवरची शाळा." मग ती थांबली आणि वही मांडीवर आपटली. "हो चंद्रकोरवालो परत इलो! ह्या अक्षराशी माझी गाडी अडता आणि तुम्ही दर ओळीत त्याकाच लिहून ठेवलात!"

मी आणि बाबांनी एकमेकांकडे बघितलं.

चंद्रकोरवाला म्हणजे 'ऱ्या'. आपल्या मराठीत र अर्धा होऊन य-ला जोडला की त्याची अशी आडवी कोर होते. वर्गात तिला ते अक्षर शेवटपर्यंत जमलं नव्हतं. आम्हां दोघांना वाचता येत असल्यामुळे आम्ही शब्द बघत होतो. ती एकेक अक्षर चढून जात होती, म्हणून तिला तेच दर ओळीत आडवं आलं.

बाबांनी वही तिच्या हातातून घेतली. तेवीस मथळे. पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. "सगळ्यांत आहे," ते म्हणाले.

"पण बाबा, लेखांमध्ये तर शंभर वेळा आलाय. तिथे काही होत नाही."

"लेखांचं अक्षर बारीक आणि वेगळं आहे. हे मथळ्याचं जाड अक्षर."

खरंच की. मथळ्यांसाठी मी एक वेगळा, जाड, सुंदर वळणाचा फॉन्ट घेतला होता, गिरगावातून. मथळे आधी साध्या अक्षरात टाइप करून तो फॉन्ट मी सगळ्यांना एकदम लावायचे, त्यामुळे मथळा पडद्यावर येईपर्यंत काही होत नसे. मी कोरं पान उघडलं, तो फॉन्ट निवडला, आकार मोठा केला आणि टाइप केलं: वाऱ्या. र जोडला गेला आणि त्याच क्षणी राखाडी चौकोन.

"परत," बाबा म्हणाले.

परत केलं. बंद पडला. आई टाळ्या वाजवायला लागली. आकार लहान केला, चालला. एकेक आकडा वाढवत गेलो, चोविसाला बंद पडला. पुन्हा तेवीस, चालला. चोवीस, बंद. गेला महिनाभर ज्या चौकोनाने मला रडवलं होतं त्याला आम्ही तिघं मिळून पुन्हा पुन्हा बोलावत होतो आणि तो आला की हसत होतो. शेजारच्या काकू दारात येऊन विचारून गेल्या, काय मॅच जिंकली काय.

फॉन्ट करणारे गृहस्थ गिरगावात एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बसत. आयुष्यभर हाताने अक्षरं काढलेली, दुकानांच्या पाट्या, पुस्तकांची मुखपृष्ठं, आणि म्हातारपणी तीच अक्षरं कॉम्प्युटरवर चढवायला शिकलेले. मी एकटीच जाणार होते. बाबांच्या सुट्टीचा दिवस होता. मी चप्पल घालत असताना ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, वही वर्तमानपत्रात गुंडाळून तयार उभे होते.

त्या गृहस्थांची खोली कागदांनी भरलेली होती. त्यांनी आधी माझंच म्हणणं ऐकलं, जरा कंटाळूनच. "प्रोग्रॅम बंद पडतो, हे मला आणखी तिघांनी सांगितलंय. मी त्यांना म्हटलं, पुन्हा भरून बघा."

"प्रोग्रॅम नाही," बाबा म्हणाले. "एक अक्षर आहे." आणि त्यांनी वही उघडून टेबलावर ठेवली.

ते गृहस्थ वाचत गेले. पान उलटलं. पुन्हा मागे आले. मग त्यांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट उघडला आणि ती चंद्रकोर पडदाभर मोठी केली. अक्षराच्या कडेला बारीक बारीक ठिपके होते, त्या ठिपक्यांना जोडून अक्षराची रेघ बनलेली. त्यांनी ठिपके मोजल्यासारखं केलं आणि मग चित्र लहान, आणखी लहान करत नेलं. एक ठिपका अक्षरापासून दूर, पार पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन पडला होता. तिथपर्यंत केसासारखी रेघ गेली होती.

"अरे बापरे," ते म्हणाले. "लहान आकारात हा दबलेला राहतो. मोठा केला की प्रोग्रॅम त्याच्यामागे धावतो."

"धागा सुटून लांब गेलाय," बाबा म्हणाले.

"अगदी तसंच." त्यांनी चष्मा काढून बाबांकडे नीट बघितलं. "तिघांनी तक्रार केली, पण कुठल्या अक्षराला, कुठल्या आकाराला, हे कोणी सांगितलं नाही. आपण काय करता?"

मी 'वरळीला असतो' हे उत्तर ऐकायच्या तयारीत होते.

"मी साचेखात्यात फिटर," बाबा म्हणाले. होतो म्हणाले नाहीत.

"कुठली गिरणी?"

बाबांनी सांगितली. त्या गृहस्थांनी त्या गिरणीच्या कापडाच्या ताग्यांवर मारायच्या शिक्क्याची अक्षरं तरुणपणी काढली होती. ते शिक्के बाबांनी हजारदा बघितलेले. मग काय, दोघांचं सुरू झालं. त्या शिक्क्यातला 'ल' पोटात जरा फुगीर होता, हे बाबांना आठवत होतं. "शाई पसरायची हो," ते गृहस्थ कळवळून म्हणाले, "मी तसा काढला नव्हता." त्यांनी तो ठिपका ओढून जागेवर आणला, फ्लॉपीवर नवा फॉन्ट दिला. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. आम्ही तिथे तीन तास होतो. मला मध्ये दोनदा चहा सांगायला खाली पाठवलं.

निघताना ते बाबांना म्हणाले, "उरलेली जोडाक्षरं पण तपासायला हवीत. माझे डोळे आता साथ देत नाहीत. याल का?"

बाबा जिना उतरले, रस्त्याला लागलो, बसस्टॉप मागे गेला तरी चालतच राहिले. पुढच्या बसस्टॉपपाशी ते म्हणाले, "त्या दिवशी पट्टी माझ्याच ब्रशने सैल झाली असणार."

"बाबा, मी तेव्हा फार वाईट बोलले."

"हो," ते म्हणाले. "बोललीस." आणि मग माझ्या हातातली फ्लॉपी घेऊन त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली, गर्दीत पडेल म्हणून.

घरी आल्यावर आईला त्यांनी सगळी हकीकत सांगितली. चंद्रकोर आधी आईला सापडली हे त्या गृहस्थांना सांगायचं राहिलं, हे तिने लगेच पकडलं. पुढच्या खेपेला ते सांगितलं की नाही, याची तिने मागाहून माझ्याकडे चौकशी केली. सांगितलं होतं.

स्मरणिका वेळेवर निघाली. तिच्यात छपाईच्या चुका निघाल्या, पण जाड मथळे सगळे जागच्या जागी होते.

बाबा त्यानंतर दर सुट्टीला गिरगावात जायला लागले. नोकरी सुटेपर्यंत आणि सुटल्यावरही, चार-पाच वर्षं तरी. ते गृहस्थ नव्या अक्षरांचे कागद छापून द्यायचे, एकेका कागदावर एकच अक्षर, वेगवेगळ्या आकारांत. बाबा ते गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी लावायचे, आणि गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, हात मागे बांधून, डोळे बारीक करून बघत उभे राहायचे. येणारे-जाणारे वाकून कागदांखालून जायचे.

एकदा खालच्या मजल्यावरचे, त्यांच्याच खात्यातले एक जुने सोबती वर आले होते. त्यांनी विचारलं, "काय बघतोस रे एवढं?"

"तो ळ," बाबा म्हणाले. "डावीकडे झुकलाय. तुला नाही दिसत?"

ते सोबती त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, आणि दोघंही बराच वेळ बघत राहिले.